कोबे बंदरातली काकडीच्या वासाची बरणी

बसमतच्या स्टेशनावर थोरल्या वहिनीनं माझी ओटी भरली आणि भरता भरताच म्हणाली, "काहून चाललीस एवढ्या लांब? दिवाळीच्या आत माघारी येतीस का न्हाई बघ." वहिनी, तुझं बोलणं खरं होता होता राहिलं, म्हणून हे लिहायला बसले.

जपानात, कोबे बंदरात, आमचे हे कापूस पारखायच्या नोकरीवर होते. मी पोचल्यावर थोड्याच दिवसांत त्यांची पेढी बंद पडली आणि मालकानं परतीची जहाजाची तिकिटं हातावर ठेवली. मला परत जायचं नव्हतं. निजामाच्या मुलखात माझा जन्म पदर सावरण्यात गेला. इथं मी एकटी बाजारात जात होते, घासाघीस करत होते. ते सुख सोडवेना.

आम्ही जिच्या माडीवरच्या खोलीत राहायचो ती घरमालकीण 'उनी' विकायची. उनी म्हणजे समुद्रातला काटेरी गोळा, जणू साळिंदराचं पिल्लूच. फोडला की आत पाच पिवळ्या फोडी निघतात. त्या मिठात मुरवून ती बरण्या भरायची. निवडायला बाई हवी होती. मी पदर खोचून गेले.

पहिल्याच दिवशी मी फोडीचा कण हाताच्या पालथ्या बाजूवर चोळून हुंगला. साऱ्या बाया तोंडावर बाही धरून हसल्या. आमच्याकडच्या जवळा बाजार गावात तूप घेताना आई असंच करायची. म्हणायची, "डोळे लबाड असतेत, माय. अंगाची ऊब लागली की भेसळ बोलतीच." एका टोपलीतल्या फोडीला ऊब लागली तसा चिरलेल्या काकडीचा गोडसर वास आला. दुसरीतल्या फोडीही तशाच पिवळ्याधमक, पण वास शेवाळलेल्या हौदाचा. ती टोपली मी बाजूला सारली. मालकीण भडकलीच, अर्ध्या दिवसाचा माल होता तो! मग तिनं स्वतःच्या हातावर चोळलं, हुंगलं, चाखलं आणि कडू तोंड करून थुंकली.

दुसऱ्या दिवशी ती जिना चढून वर आली आणि म्हणाली, "काम तुझं. खोलीही तुझीच."

तिकिटं आम्ही परत केली. आता माझ्या नाकाखालून गेल्याशिवाय एकही बरणी बंद होत नाही. झाकणं लावायला आमचे हे आहेत, माझ्या हाताखाली!

आईची आठवण येते, ज्वारीच्या भाकरीसाठी जीव तुटतो, कधी रडतेही. पण वहिनी, मी येईन ती पाहुणी म्हणून. चार दिवस तुझ्याकडून लाड करून घेईन आणि मग माझ्या घरी जाईन.