नथ उजव्या नाकपुडीत

पंखा बंद, खिडकी बंद, पडदे ओढलेले, आणि त्या खुराड्यात बाबा आणि मी. कांदिवलीच्या उकाड्यात हा छळ मी स्वतःच्या हाताने मांडला होता, सांगते कोणाला!

बाबांना तरुणपणी स्लाइड्स, म्हणजे भिंतीवर मोठे करून बघायचे फिल्मवरचे फोटो, काढायचं भारी वेड. पुढे आई गेली, मग बाबांची डावी बाजू लुळी पडली, आणि स्लाइड्सचे डबे कपाटात बुरशी खात बसले. अमेरिकेतला दादा डिसेंबरात पंधरा दिवस येणार होता. बाबांबरोबर बसून सगळ्या स्लाइड्स बघायच्या, लहानपणी भिंतीवर चादर लावून बघायचो तशा, असं त्याने कबूल केलं होतं. त्या पंधरा दिवसांत मी देवगडला मैत्रिणीकडे जाणार होते. बाबा आजारी पडल्यापासून मी भाजी आणायलासुद्धा घड्याळ बघत जाते. मला देवगड हवं होतं म्हणजे हवंच होतं.

प्रोजेक्टर मात्र कधीच मेलेला. मग दादाचा फोन. "अगं, कॅमेऱ्याने फोटो काढून ठेव ना स्लाइड्सचे. टीव्हीवर बघू. सोपं असतं यार."

सोपं म्हणे! कॅमेरा स्टँडला खाली तोंड करून लटकवला. त्याच्याखाली मुलं चित्रं गिरवतात ती लाइटची पाटी, पाटीवर स्लाइड, आणि बाहेरचा उजेड अडवायला स्लाइडवर उभा आईचा चकल्यांचा सोऱ्या, चकती काढून दोन्हीकडून मोकळा केलेला, आतून काळा कागद चिकटवलेला. पंखा लावला की धूळ बसते आणि कॅमेरा हलतो, म्हणून पंखा बंद. खुर्चीतून बाबांचं चालूच. "फुंकू नको, थुंकी उडते. हात पुसलास का?"

"बाबा, मी काय ऑपरेशन करतेय का?"

"त्याहून नाजूक आहे ते."

स्लाइडची एक बाजू चकचकीत असते, दुसरी जरा मळकट. चकचकीत बाजूवर नुसती चमक येत होती, म्हणून मी सरळ मळकट बाजू वर ठेवून काम सुरू केलं. बाबांनाही काही खटकलं नाही, कारण पहिले डबे सगळे समुद्राचे होते. समुद्राला कसलं आलंय डावं-उजवं?

मग आईचा डबा निघाला. तो मी एका बैठकीत संपवला आणि हौसेने लगेच दादाला पाठवला. त्याचं उत्तर आलं, "झकास! आई किती गोड दिसते गं. डोळ्यांत पाणी आलं."

दुसऱ्या दिवशी तेच फोटो टीव्हीवर लावले. बाबा खुर्चीत पुढे सरकले आणि ओरडलेच, "अगो, तुझ्या आवशीची नथ खंय आसा बघ!" चिडले की बाबा थेट मालवणीत शिरतात.

मी बघितलं. नथ उजव्या नाकपुडीत. पदर उजव्या खांद्यावर, शेजारच्या गुजराती काकूंसारखा. मळकट बाजू वर ठेवल्यामुळे आरशात दिसावी तशी अख्खी आई उलटी! वाट लागली म्हणत मी हसत सुटले. बाबा हसले नाहीत.

"त्याने बघितले ना हे? त्याला कळलं नाही?"

"मोबाइलवर बघितले असतील घाईत," मी म्हटलं. मी तरी कुठे आईकडे बघत होते, मी धूळ बघत होते. पण त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं ना!

मी फोन लावला, स्पीकरवर.

"अगं, एका क्लिकवर सरळ होतात ते, मीच करतो इथे," दादा म्हणाला. "आणि ऐक ना, आता फोटो आलेच आहेत, तर डिसेंबरचं जरा पुढे ढकलतो. ऑफिसात फार चाललंय. चालेल ना, बाबा?"

"चालेल," बाबा म्हणाले.

मला कोणी विचारलं नाही. तळपायाची आग मस्तकात गेली. त्याला इथे यायला एक कारण होतं, तेही मी घाम गाळून, पुसून, त्याच्या घरी पोचतं केलं होतं.

थोड्या वेळाने बाबा म्हणाले, "तू जा देवगडला. आपण बाई ठेवू."

मागची बाई त्यांना आंघोळ घालायला आली तेव्हा त्यांनी आतून हाका मारून मला बोलावलं होतं. ते आम्हा दोघांनाही आठवत होतं.

"हो, बघू," मी म्हटलं.

स्वयंपाकघरात जाऊन मैत्रिणीला फोन केला. दादाचं ऑफिस, बाबांची तब्येत, सगळं नीट जुळवून सांगायचं ठरवलं होतं. तिने मला पहिलं वाक्यही पुरं करू दिलं नाही.

"राहू दे गं," ती म्हणाली. "तू येशील असं मी धरलंच नव्हतं."