पोटातच मागे राहिलेली

लेक पोटात होती तेव्हा सोनोग्राफीसाठी आचऱ्याहून मालवणला गेलो. डॉक्टरीणबाई बराच वेळ पडद्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बाळाच्या हृदयात दोष दिसतोय. गोव्याला दाखवा."

गोव्याच्या डॉक्टरांनी कागदावर हृदय काढून दाखवलं. दोन मोठ्या रक्तवाहिन्या उलट्या जोडल्या गेल्या होत्या. "त्यामुळे चांगलं रक्त मेंदूला कमी मिळतं. ऑपरेशन जन्मानंतर होईल, पण मेंदू तर आत्ताच वाढतोय. अशी काही मुलं पुढे बोलण्यात, शिकण्यात मागे राहतात. तुमचं बाळ राहीलच असं नाही."

परतीच्या एसटीत नवरा म्हणाला, "ऑपरेशन झाला काय सगळा बरा होतला."

"आणि मेंदूचा काय ओ?"

गाडी मालवणात कधी पोचेल, ते त्याने कंडक्टरला विचारलं.

सासू मासे विकायची. टोपलीतले चांगले मासे ती आता माझ्यासाठी बाजूला काढू लागली. "खा गो, पोराच्या डोक्याक बरा." मीही खात राहिले.

लेक जन्मली ती निळ्या ओठांची. ऑपरेशननंतर ते ओठ गुलाबी झालेले बघून नवरा इस्पितळातच रडला. गावी आल्यावर त्याने घरोघरी पेढे वाटले. "काळीज बरा झाला," असं सगळ्यांना सांगत सुटला.

शेजारणीचा, लेकीच्याच वयाचा मुलगा अंगणभर धावू लागला, तेव्हा आमची नुकती बसायला शिकली होती. शब्द तर फुटतच नव्हता. मी तिला सावंतवाडीला बोलणं शिकवणाऱ्या बाईंकडे नेऊ लागले. नवरा म्हणायचा, "माझो बापूस पण उशिरान बोललो."

पहिलीत घातलं, तर थोड्याच दिवसांत गुरुजींनी बोलावून घेतलं. ते हळू आवाजात म्हणाले, "अजून एक वर्ष बालवाडीत बसू दे."

त्या संध्याकाळी नवरा किनाऱ्यावर जाळं पुढ्यात घेऊन नुसता बसला होता. मी शेजारी जाऊन बसले.

"डॉक्टरान ह्या आदीच सांगल्यान होता ना गो?"

"होय."

"माका ता ऐकूचाच नाय होता."

मला त्याच्यावर रागावता आलं नाही. इतकी वर्षं ते मी एकटीच ऐकत आले होते, आणि आता तोही ऐकत होता. आम्ही दोघंही रडलो.

दुसऱ्या दिवशी तोच तिला बालवाडीत घेऊन गेला. दारात तिने त्याचं बोट सोडलं नाही. तेव्हा तो आत गेला आणि तिच्यापेक्षा लहान मुलांच्या रांगेत, तिच्या शेजारी मांडी घालून बसला.