सतरा नंबरचं कार्ड

पंचबाईंनी आयुष्यात एकदाच एका विद्वानाला अक्कल शिकवली, आणि तीही त्याने स्वतःच्या नावावर खपवली.

संस्थेत बाई बावीस वर्षं कार्डं पंच करत होत्या. विद्वानांनी कागदावर प्रोग्रॅम लिहायचा, बाईंनी तो भोकं पाडून पुठ्ठ्याच्या कार्डांवर उतरवायचा, मग मशीनने तो वाचायचा. मोठ्या सरांची याद्या क्रमाने लावायची रीत पुढे फार गाजली. पण तेव्हा तिच्यापायी मशीन तीन दिवस जागच्या जागी गरगरत होतं. पंच करतानाच बाई म्हणाल्या होत्या, "सर, दोन आकडे सारखे आले की हे अडकणार."

सर हसले. "बाई, तुम्ही बोटं चालवा, डोकं मी चालवतो."

चौथ्या दिवशी बाईंनी न विचारता एक जास्तीचं कार्ड घुसवलं. प्रोग्रॅम सुरळीत चालला. सरांनी चारचौघांत स्वतःचीच पाठ थोपटून घेतली. बाई गप्प बसल्या. पदरात दोन लेकरं होती.

आता सर गेले. त्यांच्या गौरवग्रंथाचा संपादक, सरांचाच चेला आणि आता संस्थेत शिकवणारा, बाईंच्या घरी आठवणी मागायला आला होता. त्याने दाखवलेल्या पानांत त्याच कार्डाचा फोटो होता आणि खाली दीड पान चिंतन: सगळ्या कार्डांत याच एकाच्या शेवटी सतरा हा आकडा का? केवढी ही सरांच्या विचारांची खोली!

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"कसली डोंबलाची खोली! शेवटचे आठ रकाने मशीन वाचतच नाही. कागदावर नसलेलं कार्ड घातलं, की तिथे आपला नंबर टाकायचा, असा आमच्या खोलीचा नियम होता. चूक निघाली तर कान कुणाचा धरायचा, ते कळावं म्हणून. सतरा म्हणजे मी!"

संपादक चपापला. सरांच्या कागदांत त्या कार्डावरची ओळ नव्हती, हे त्यालाही ठाऊक होतं.

"बाई, खरं असेलही. पण ग्रंथ छपाईला गेलाय. आणि सर आता उत्तर द्यायला नाहीत."

"मी आहे ना! मेलेल्याची अब्रू झाका आणि जितीच्या तोंडाला कुलूप लावा, होय?"

त्याने संमतीपत्र पुढे सरकवलं. 'आठवणी: एक माजी कर्मचारी.' बाईंनी ते शब्द खोडले, 'हे कार्ड माझ्या डोक्यातून निघालं' असं लिहिलं आणि खाली पूर्ण नावाने सही ठोकली.

"नका छापू हवं तर. पण आता तुम्हाला माहीत आहे. आजवर हे सरांचं म्हणून शिकवलंत, ती चूक होती. उद्या वर्गात हेच शिकवाल, तर ती चोरी."