मागे वळून पाहणारा लेखक

एका विज्ञान कादंबरीच्या प्रकाशनाला गेले होते. लेखक तरुणपणी रॉक बँडमध्ये गिटार वाजवायचा. पुस्तक उघडून तो वाचायला उभा राहिला. सुरुवात करण्याआधी त्याने सवयीने मागे वळून पाहिलं. मागे नुसता पडदा होता.

“मला शोधतोय येडा,” माझ्या शेजारचे टकलू गृहस्थ पुटपुटले. “ड्रमर होतो मी त्याचा.” आणि गाणं सुरू करून देताना ड्रमर देतो तसे त्यांनी समोरच्या खुर्चीच्या पाठीवर खणखणीत चार ठोके दिले.

लेखक हसला आणि दोन सूर्यांच्या ग्रहावरची पहाट वाचू लागला.

नवी वाट धरली की जुने सोबती सुटतात, असं मी उगाच समजत होते. ते पाठीमागून उठून समोर येऊन बसतात, एवढंच. शेजारची टाच शेवटच्या ओळीपर्यंत ताल धरून होती.