पाचवीचा पिक्चर

राधेश्याम सगळ्यांना सांगतो की त्याला भुताचं भेव वाटत नाही. हे धादांत खोटं आहे. घरी मोबाइलवर भुताचा पिक्चर लावला की तो शीतलला, म्हणजे बायकोला, शेजारी बसवून घेतो आणि भूत यायच्या बेतात आलं की पाणी प्यायला उठतो. शीतल भाजी निवडता निवडता हाक मारते, "आलं अन् गेलं, या आता." मग हा येऊन बसतो. आणि दुसऱ्या दिवशी तोच पिक्चर कामावर जाताना टेंपोत असा रंगवून सांगतो की ज्यानं पाहिलाय त्यालाही वाटावं, आपण पाहिला तो दुसराच असणार.

जालन्याच्या एमआयडीसीत एका बियाण्याच्या कारखान्यात तो मशीनवर आहे. कपाशीचं, मक्याचं बी चाळायचं, औषध लावायचं, पुढं सोडायचं. त्या औषधाचा गुलाबी रंग नखांत बसतो तो रविवारीसुद्धा जात नाही. मशीनचा आवाज असा की दिवसभर माणसानं माणसाशी खुणेनंच बोलावं. बोलायची एवढी हौस असलेल्या माणसाला असलं काम मिळावं, हे त्याचं नशीब. त्यामुळं त्याचं सगळं बोलणं सकाळच्या टेंपोत तुंबून यायचं. टेंपो तातेरावांचा. अंबड रोडवरच्या गावातून पोरं उचलायची, स्टीलच्या मिलवाले मिलला सोडायचे, बियाणंवाले पुढं सोडायचे. गाडी तातेराव चालवायचे, पण कान मागच्या खिडकीला लावून.

मागं बसणारे बहुतेक सगळेच भुताच्या पिक्चरचे वेडे. आणि वेड्यांची भांडणं कशावरून व्हावीत?

"मला एक सांगा," हरिओम सुरू करायचा. हा मिलमध्ये भट्टीपाशी उभा राहणारा गडी, आवाज तसाच. "भूत भिंतीतून येऊन राह्यलं, मंग दरवाजा कामून वाजवतंय?"

"रीत हाय ती," आदिनाथ म्हणायचा. हा सगळ्यांत तरणा. "पाव्हण्यानं आवाज द्यावा लागतो."

"अन् ती गाणं म्हणणारी? जिती होती तव्हा आरती येत नव्हती तिला. मेल्यावर गळा कुठून आला?"

जुने हवेलीवाले पिक्चर भारी की नवे, बाहुलीचे, आरशाचे, यावर तर दोन तटच पडलेले. राधेश्यामचं मत पक्कं होतं. भूत दिसलं की पिक्चर खलास. दिसायच्या आधी जे असतं तेच खरं. एवढं मात्र तो अगदी बराबर बोलायचा.

पाहिलेले पिक्चर संपले तेव्हा नवे रचायची टूम निघाली. आणि त्यातून टेंपोत एक रिवाजच पडला. गोष्ट आपल्याच शिवारातली पाहिजे. हवेली नको, जंगल नको. हरिओमचं म्हणणं, आपल्याकडं हवेली हाय कुठं? मंग भेव कशाचं वाटल? म्हणून कुणी मोसंबीच्या बागेतलं सांगायचं, कुणी बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगमधलं. हसण्यावारीच जायचं सगळं. राधेश्यामची पाळी आली की मात्र हसणं थांबायचं. घरात ज्याला भाजीत मीठ जास्त झालं एवढंही धड सांगता येत नाही, त्याला इथं सगळे कान देऊन ऐकायचे. माणसाला त्याची चटक लागते. लागलीच.

गेल्या उन्हाळ्यात त्याची पाळी होती आणि डोकं रिकामं होतं. तेवढ्यात गावाच्या वेशीवर तुळजाबाई दिसली, काखेत कापडाचं गाठोडं घेऊन लगबगीनं निघालेली.

तुळजाबाई म्हणजे बाळाला न्हाऊ घालणारी. गावात बाळ जन्मलं की हिला बोलावणं लागत नाही, कानावर पडलं की निघाली. पायावर आडवं घेऊन तेल चोळणार, नाक ओढून सरळ करणार, अंगठ्यानं कपाळ दाबून दाबून घाटदार करणार. तोंडात दात नाहीत, त्यामुळं ओठ सारखे हलतात, बोलत नसली तरी. राधेश्यामला तिनंच न्हाऊ घातलं, त्याच्या पाठच्या बहिणीलाही, त्याच्या दोन्ही लेकरांनाही. बारशाला साडी-चोळी घ्यायची आणि सगळ्यांना सांगत सुटायचं, हे लेकरू मह्या हातचं हाय. एवढाच तिचा तोरा.

आणि राधेश्यामला पिक्चर सापडला.

"पाचवीच्या रातीला सटवाई येते," त्यानं सुरुवात केली. "पाटावर कोरा कागद, पेन, सगळं मांडलेलं. ती येऊन लेकराच्या कपाळावर नशीब लिहून जाते. बराबर? आता एक म्हातारी हाय. लेकरं न्हाऊ घालती. सकाळी येती, लेकरू पायावर घेती, अन् तेलाचा अंगठा कपाळावरून फिरवती. एकदा, दोनदा. समद्यांला वाटतं मालिश करून राह्यली. पण तिचे ओठ बघा. सारखे हलतेत. ती वाचून राह्यली. सटवाईनं काय लिहिलं ते वाचती, अन् चांगलं असलं तेवढं पुसून घेती. स्वतःच्या कपाळाला लावती. म्हणून तर ती मरत न्हाई."

हरिओमनं बाही वर करून दंडावरचा काटा दाखवला. तातेरावांनी गाडी बाजूला घेऊन थांबवली. "मिलला उशीर झाला तरी चालल," ते खिडकीतून म्हणाले, "पुढं सांग."

त्यानं नाव घेतलं नव्हतं. पुढं कितीतरी दिवस तो स्वतःला हेच समजावत होता, की आपण नाव घेतलं नव्हतं. पण गावात असल्या म्हाताऱ्या किती? एकच. आणि अंगठा, तेल, हलणारे ओठ, सगळं जसंच्या तसं उचललेलं. खोटं तेवढं मधोमध एकच घातलं होतं.

टेंपोतल्या माणसांनी ती गोष्ट घरी नेली. घरी गेल्यावर कुणी 'पिक्चर आहे' म्हणालं, कुणी म्हणायचं विसरलं. पंधरवड्यात ती फिरून राधेश्यामच्याच घरी आली, शीतलच्या तोंडून.

"ऐकलं का, तुळजामायच्या हातात काहीतरी हाय म्हणतेत. पाचवीनंतर कपाळ पुसती म्हणं."

हा पोळीचा तुकडा हातात धरून बसला. खरं म्हणजे तिथंच सांगायचं होतं, अगं येडे, हे मीच रचलं. जीभ उचलली असती तर तिथंच मिटलं असतं. पण त्याला हसू आलं. आणि हसण्याच्या आत, लाज वाटावी अशी एक गोष्ट होती. त्याला बरं वाटलं. आपली गोष्ट इतकी जमली, की खरी म्हणून गावभर फिरून आली! असा गाजलेला पिक्चर कुणाचा झाला होता टेंपोत? त्यानं पोळी संपवली आणि ताक मागितलं.

मग हरिओमच्या भावाच्या लेकराला कावीळ झाली. नुकत्या जन्मलेल्याला होते तशी. डॉक्टरनं निळ्या दिव्याखाली ठेवलं, आठवडाभरात लेकरू घरी आलं, आज चांगलं गुटगुटीत आहे. पण त्याला न्हाऊ घातलं होतं तुळजाबाईनं, आणि तेही पाचवीनंतर. एवढं पुरलं. तिला कुणी शिवी दिली नाही, दगड मारला नाही, गाव तसं सभ्य. ती दारात आली की आतून आवाज यायचा, "आज अंग गरम हाय लेकराचं, उद्या बघू." उद्याही तेच. रस्त्यात समोर आली की बाया लेकराच्या तोंडावरून पदर ओढून घ्यायच्या. म्हातारी गाठोडं घेऊन आल्या पावली परत फिरायची. राधेश्यामनं हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आणि त्या दिवसापासून त्याचा डबा तसाच घरी परत यायला लागला.

शेवटी टेंपोत त्यानं तोंड उघडलं. "ते मी रचलेलं हाय. पिक्चर व्हता तो. तुम्ही समदे व्हते की इथं!"

"व्हतो," हरिओम म्हणाला. आज त्याचा आवाज लहान होता. "पण तू म्हणला म्हणजे तुला काही दिसलं असल. त्याबिगर इतकं बराबर कोण सांगल? तुह्या लेकरांला तिनंच न्हाऊ घातलं. तू जवळून पाह्यलेला माणूस."

"अरे न्हाई पाह्यलं! बिलकुल न्हाई!"

"आता घाबरलास," आदिनाथ म्हणाला. "तिच्या नजरंत येशील म्हणून."

तातेरावांनी मागची खिडकी बंद केली. त्या दिवसापासून टेंपोत पिक्चरचं नाव निघालं नाही. राधेश्यामला वाटलं, आपण प्रयत्न केला. खरं सांगायचं तर त्यानं दुसऱ्यांदा केला नाही. गावात पारावर उभं राहून सांगायचं, तर लोक हसतील, थुंकतील. टेंपोत सांगणं निदान आपल्या माणसांतलं होतं. असं म्हणत म्हणत त्यानं दिवाळी काढली.

दिवाळीनंतर बहीण आकांक्षा बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा शीतलनं आधीच सांगून टाकलं, "तुळजामाय आली तर मी न्हाई म्हणणार हाय. तुम्ही मधात पडू नका."

राधेश्याम उंबऱ्यावर बसला होता. तिथूनच, मान वर न करता, त्यानं सगळं सांगितलं. वेशीवर ती कशी दिसली, गोष्ट कशी सुचली, हरिओमच्या दंडावरचा काटा, सगळं.

शीतलनं हातातलं बाळाचं दुपटं घडी करून ठेवलं. मग म्हणाली, "मी तुम्हाला सांगत आल्ते तव्हा तुम्ही हसत व्हते. मला याद हाय. ताक मागितलं व्हतं तुम्ही."

नवऱ्याला घाबरटपणावरून चिडवणारी शीतल, पण त्या दिवशी तिनं त्याच्याकडं पाहिलं ते पाहणं वेगळं होतं. बाजेवरून आकांक्षाच म्हणाली, "बोलाव दादा तिला. मह्या कपाळाला तिचाच हात लागलेला हाय, महं काय वाईट झालं? जा. अन् हे समदं तिलाबी सांग."

तुळजाबाई आपल्या घरासमोर अंगणात उन्हाला बसली होती. गाठोडं कुठं दिसत नव्हतं. राधेश्यामला पाहून तिचं तोंड फुललं. "ये बाबा. आकांक्षाला लेक झाली म्हणं? गोरी हाय का?"

"चल ना माय. न्हाऊ घालायला तुलाच बोलावलंय."

ती उठली नाही. आपल्या तळहातांकडं बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "राधे, तू शिकलेला हायस. खरं सांग. मह्या हातात तसं काही असल का रे?"

बाकी कशाचीही तयारी करून राधेश्याम आला होता. शिव्या, शाप, थोबाडीत सुद्धा. याची तयारी नव्हती.

"काहीच न्हाई माय! ते मी रचलं. टेंपोत. भुताचा पिक्चर म्हणून सांगितलं. तुला वाटंनं जाताना पाह्यलं अन् सुचलं. मह्यामुळं झालं हे समदं. मार मला."

तिनं त्याच्याकडं मायेनं पाहिलं. "तू ल्हानपणापसून असाच. बहिणीनं तूप सांडलं की म्हणायचा, मी सांडलं."

"तसं न्हाई माय, खरंच मी—"

"राहू दे. मला बरं वाटावं म्हणून आला, लई झालं." ती पुन्हा हातांकडं बघायला लागली. "बेबीनंदाचं जुळं गेलं, ते मह्याच हातचं. काकासाहेबाचा थोरला, तोबी. अन् ती वेशीपाशची पोरगी, डोळे टपोरे व्हते बघ तिचे. इतकी वर्सं मी देवाला बोल लावत आल्ते रे. आता घरी बसले तव्हा एकेक याद येऊन राह्यलं."

राधेश्यामनं पुन्हा सांगितलं. शपथ घेतली, लेकरांची घेतली. हरिओमला, आदिनाथला, तातेरावांना, सगळ्यांना घेऊन येतो म्हणाला. टेंपोभर माणसांना थांबवून ठेवणारी त्याची जीभ त्या अंगणात कामाला येईना. म्हातारी मान हलवत ऐकत होती, लहान लेकराचं ऐकावं तशी, आणि त्यातला एक शब्दही तिला पटलेला नव्हता.

त्याला रडू फुटलं. तो पुढं होऊन तिचे हात धरायला गेला, तर तिनं ते झटकन पदराखाली ओढून घेतले.

"शिवू नको बाबा," ती म्हणाली. "तुह्या घरात तान्हं लेकरू हाय."