वेंडेलिनची बारा नंबरची रेघ

माझा भाऊ वेंडेलिन एकसष्ट वर्षांचा आहे आणि गेल्या नोव्हेंबरपासून तळघराचा जिना उलटा उतरतो. तोंड पायऱ्यांकडे, पाठ तळघराकडे, दोन्ही हातांनी कठडा गच्च. हे काय चाललंय म्हणून विचारलं तर म्हणाला, "असं उतरलं की बटाटे नीट दिसतात." बटाटे खाली, याचं तोंड वर, आणि म्हणे नीट दिसतात! डावा गुडघा गेलाय, हे साध्या शब्दांत सांगायला त्याची जीभ रेटत नव्हती.

मी वाल्बुर्गा. गाव मला बुर्गी म्हणतं. लाखेनटालच्या उतारावर बर्फ सपाट करणारं यंत्र मी चालवते. रोज पहाटे त्याच्या दात्यांनी अख्ख्या उतारावर फणी फिरवल्यासारख्या बारीक रेघा काढायच्या, की लोक साडेआठला येऊन पाच मिनिटांत त्यांची वाट लावायला मोकळे. बावीस वर्षं झाली. एकाही माणसाने थांबून "वा बुर्गी" म्हटलेलं नाही. बर्फ खराब लागला की मात्र सगळ्यांना माझं नाव आठवतं, आणि सगळ्यात आधी माझ्या सख्ख्या भावाला.

वेंडेलिनने तीस वर्षं गावात टपाल वाटलं. त्याला विचाराल तर ते पोटापाण्यासाठी. खरं काम जानेवारीतला एक आठवडा. 'कडक बुटांचं शिबिर'. कुठून कुठून चोवीस माणसं येतात. पायात प्लास्टिकचे कडक बूट, खाली बर्फावरचा लांबलचक अरुंद बोर्ड, आणि दिवसभर एकच ध्यास, उतार कोरायचा. बोर्डाची कड बर्फात रुतवून वळायचं, घसरायचं नाही. नीट जमलं तर मागे पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक रेघ राहते. घसरलात तर रेघ पसरते. पसरलेल्या रेघेला वेंडेलिन 'सारवण' म्हणतो, आणि तो शब्द असा उच्चारतो की जणू समोरच्याने त्याच्या दारात घाण करून ठेवलीय. त्या आठवड्यात त्याची बायको कुनिगुंडे समुद्रावर, उन्हात जाते. लग्न टिकलंय ते त्यामुळेच, असं ती मला दरवर्षी पोस्टकार्डावर कळवते.

शिबिराच्या शेवटच्या दिवशी रेघांची तपासणी असते. लिफ्ट लोकांसाठी सुरू व्हायच्या आधी एक तास उतार आमचा. चिठ्ठ्या टाकून प्रत्येकाला एकेक पट्टी मिळते, काठ्या रोवून नंबर लावलेले असतात. एकेकाने आपल्या पट्टीतून खाली यायचं, मग सगळ्यांनी पुन्हा लिफ्टच्या खुर्च्यांत दोघादोघांनी बसून वर जायचं, आणि पहिल्या खुर्चीतून म्होरक्याने कर्ण्यातून एकेका रेघेचा निकाल सांगायचा. ज्याचं सारवण सगळ्यात वाईट, त्याने खानावळीत आमच्या आईचा फुलाफुलांचा एप्रन बांधून सगळ्यांना सूप वाढायचं. आणि म्होरक्याचीच रेघ पसरली, तर त्याने म्होरकेपणाची घंटा खुंटीवरून काढून सगळ्यात बारीक रेघवाल्याच्या हातात द्यायची.

हा शेवटचा नियम वेंडेलिनचा. एकोणीस वर्षांपूर्वी म्हातारा बार्टल म्होरक्या होता. म्हातारा कसला, तेव्हा तो बासष्टचा. शिबिर त्यानेच सुरू केलेलं, वेंडेलिनला बोर्डावर उभं करणारा तोच. त्या वर्षी त्याची रेघ दोन ठिकाणी पसरली. बाकीच्यांनी बर्फाकडे, आभाळाकडे, आपल्या बुटांकडे पाहिलं. वेंडेलिनने काठी बोटासारखी रोखली आणि अख्ख्या उताराला ऐकू जाईल असा ओरडला, "बार्टल, ही तुझी!" त्याच दुपारी नियम कागदावर लिहून खानावळीच्या भट्टीशेजारी खिळ्याने ठोकला, आणि सगळ्यात बारीक रेघ त्याचीच असल्याने घंटा त्याच्याकडे आली. तेव्हापासून बार्टल दरवर्षी येतो, लिफ्टच्या पायथ्याशी बाकावर पायांवर घोंगडी घेऊन बसतो, सूप पितो, जातो. एकोणीस वर्षांत वेंडेलिनशी एकच वाक्य बोललाय, "मीठ इकडे सरकव."

यंदा मी भावाला स्पष्ट सांगितलं, "तू नुसता निकाल दे. उतरू नकोस."

"आणि लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, एकसष्ट वर्षांचा माणूस आहे."

"जो उतरत नाही तो म्होरक्या नाही, बुर्गी. घंटा गेली की माझ्याकडे काय राहतं? बटाटे?"

काहीही म्हटलं असतं तरी त्याने ऐकलं नसतं.

त्यात यंदा ती गुंडुला आली. लिंझ शहरातली दातांची डॉक्टर, पन्नाशीला टेकलेली, शांत बाई. पायात मऊ बूट! अर्जात बुटांबद्दल कुणी विचारलं नव्हतं, कारण मऊ बूट घालून कुणी यायची हिंमत करेल असं वेंडेलिनच्या स्वप्नातही नव्हतं.

"हे काय घातलंय? घरातल्या सपाता?" पहिल्या सकाळी त्याने विचारलं.

"जपानमध्ये सगळे यातच कोरतात," ती म्हणाली.

"इथून जपान बरंच लांब आहे, डॉक्टरीणबाई."

आता हे 'डॉक्टरीणबाई' काय, ते समजून घ्या. आमच्याकडे हजार मीटर उंचीच्या वर सगळे एकमेकांना अरे-तुरे करतात. मंत्री येवो, पाद्री येवो, वर आला की 'तू'. माझ्या भावाने आठवडाभर त्या बाईला एकटीला 'अहो' म्हटलं. उभ्या आयुष्यात एवढ्या आदराने मी कुणाचा अपमान झालेला पाहिला नाही. ती मात्र प्रत्येक वेळी "हो वेंडेलिन" म्हणायची आणि आपली उतरायची.

शेवटच्या सकाळी चिठ्ठ्या निघाल्या. वेंडेलिनला बारा नंबर, मधली रुंद पट्टी. गुंडुलाला तेरा, जिच्या कडेला कृत्रिम बर्फ उडवणाऱ्या तोफेचा खांब आहे. वेंडेलिन गळ्यात कर्णा अडकवून वर उभा होता, आणि बटण चालू राहिलंय याचा त्याला पत्ता नव्हता. आवाज खाली खानावळीच्या भिंतींवर आपटत होता.

"अहो डॉक्टरीणबाई, खांबावर आपटाल! माझी बारा घ्या, ऐसपैस आहे. मी तेरातून डोळे मिटून जातो."

"नको, मी जाईन ना."

"घ्या म्हणतोय ना! पाहुण्या आहात."

तिने बारा घेतली. यादी माझ्या हातात होती. मी विचारलं, "नावं बदलू का?"

"चिठ्ठ्या निघाल्यावर यादीला हात लावायचा नाही," तो खेकसला. "नियम आहे."

ठीक आहे. नाही लावला.

सगळे उतरले. गुंडुला बारामधून गेली तेव्हा नुसता कापड फाडल्यासारखा आवाज आला. शेवटी वेंडेलिन तेरामधून निघाला. वरून मी तीनदा बर्फाचा फवारा उडालेला पाहिला. टाचेच्या वळणाला गुडघा वाकवावा लागतो आणि त्याचा वाकतच नव्हता. त्याला उचलायला जावं लागलं तर म्हणून मी यंत्र चालू करून ठेवलं. भाऊ कितीही आगाऊ असला तरी भाऊच तो.

मी यंत्र घेऊन कडेकडेने खाली आले आणि नेहमीप्रमाणे पहिल्या खुर्चीत त्याच्याशेजारी बसले. त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. यादी त्याने माझ्या हातातून ओढून घेतली.

"वरच्या टप्प्यात दाते फार खोल घातलेस तू," तो पुटपुटला. "थोडं हललं तिथं."

"थोडं?"

"थोडंच."

खुर्ची उतारावरून सरकायला लागली. त्याने कर्णा तोंडाला लावला. एक नंबर ठीक, दोन नंबर बरी, पाच नंबरला थोडी चेष्टा. पण आवाजात रोजचं तिखट-मीठ नव्हतं. यादीतल्या एका ओळीवर त्याचा अंगठा दाबलेला होता. 'बारा, वेंडेलिन.' मग खुर्ची बारा नंबरच्या वर आली. वरपासून खालपर्यंत एक रेघ, बारीक, कुठे तुटलेली नाही, पसरलेली नाही. त्याने यादीकडे पाहिलं, रेघेकडे पाहिलं, पुन्हा यादीकडे पाहिलं.

आणि त्याच्या चेहऱ्यावर रंग परत आला. खरं सांगते, मी ते माझ्या डोळ्यांनी पाहिलं. डोळ्यांत पाणी तरळलं गाढवाच्या. "बघ बुर्गी," तो हळूच म्हणाला, "काही झालं नव्हतं. मी उगाच घाबरलो."

पट्टी आपणच बदलली हे भीतीने त्याच्या डोक्यातून पार पुसलं गेलं होतं, आणि त्याच क्षणी सांगायला हवं होतं. सांगवलं नाही. हायसं वाटलेल्या माणसाला काय सांगणार?

पण हायसं वाटलं की माझ्या भावाचं तोंड सुटतं. खुर्ची तेरावर आली आणि तो कर्ण्यात गरजला, "अरे देवा! हे कुणी केलंय? गाय घसरत गेली की काय खाली? बघा रे, तीन तीन ठिकाणी! याला कोरणं म्हणत नाहीत, डॉक्टरीणबाई, हे सारवण! अंगण सारवलंय नुसतं! टाच कुठे, गुडघा कुठे, ज्याचा गुडघा वाकत नाही त्याने घरी बसून विणकाम करावं!"

मागच्या बारा खुर्च्यांतून चकार शब्द आला नाही. एरवी या सारवणावर कसले हसतात सगळे! मी मागे वळून पाहिलं तर चोवीस माणसं आपापल्या हातमोज्यांकडे बघत होती. आता सांगितलंच पाहिजे, असं मला वाटलं. आणि अजून थोडा वेळ चालू दे, असंही वाटलं. बावीस वर्षं माझ्या बर्फाला नावं ठेवणारा माणूस स्वतःच्या रेघेला शिव्या घालत होता. हा क्षण पुन्हा येणार नव्हता.

खानावळीत त्याने एप्रन स्वतः गुंडुलाला दिला. दोन्ही हातांनी, वाकून. तिने तो बांधला. मी तिच्यामागोमाग स्वयंपाकघरात शिरले.

"अगं, तू गप्प का? सगळ्यांना माहीत आहे!"

"मी रोज लोकांचे दात काढते," ती पातेल्यात पळी बुडवत म्हणाली. "कुठला आज काढायचा आणि कुठला राहू द्यायचा, ते कळतं मला. राहू दे त्याला एक वर्ष."

मला तिचा संताप आला. एवढी दया! आमच्या घराण्यात कुणी कुणावर एवढी दया कधी केली नाही.

ती कलेजीच्या गोळ्यांचं सूप वाढत निघाली. वेंडेलिन टेबलाच्या टोकाला फुलून बसला होता, यंदाच्या बारा नंबरबद्दल सांगत होता, वळण कुठे धरलं, कड कशी लावली. ऐकणारे ताटलीत ब्रेड कुस्करत होते. गुंडुला बार्टलपाशी पोचली. बार्टलने आपल्या वाडग्यावर पंजा ठेवला.

"तुझ्या हातचं नको, पोरी," तो म्हणाला. "ज्याची रेघ, त्याने वाढावं."

वेंडेलिनचा चमचा हवेत राहिला. एकोणीस वर्षांत मिठाशिवाय बार्टलने त्याला पहिल्यांदाच काही सुनावलं होतं.

"म्हणजे काय?"

"खांबावर आपटाल म्हणून आपली पट्टी कुणी कुणाला दिली रे सकाळी?" बार्टल म्हणाला. "मी खाली बाकावर होतो. तुझा कर्णा चालू होता. खालच्या गोठ्यातल्या गाईंनीसुद्धा ऐकलं."

वेंडेलिनने खिडकीतून उताराकडे पाहिलं. लिफ्ट सुरू व्हायला अजून दहा मिनिटं होती आणि दोन्ही रेघा लख्ख दिसत होत्या. मग त्याने माझ्याकडे पाहिलं.

"बुर्गी. तुला माहीत होतं?"

"हो."

"मग यादीत..."

"यादीला हात लावायचा नाही म्हणालास."

मला वाटलं, आता बर्फाचं काढणार. दाते खोल होते म्हणणार, खांबाची सावली म्हणणार. तोंड उघडलंही त्याने. भट्टीशेजारचा तो कागद नेमका त्याच्या समोर होता, स्वतःच्या अक्षरातला. त्याने तोंड मिटलं. टेबलाचा आधार घेत उठला, सगळ्यांसमोर लंगडत खुंटीपर्यंत गेला, घंटा काढली आणि गुंडुलासमोर ठेवली.

"दे तो एप्रन, गुंडुला," तो म्हणाला. "तू बस."

मागची गाठ त्याला बांधता येईना. मी बांधली. आईच्या त्या फुलांमध्ये तो अगदी आईसारखा दिसत होता, आणि मी एवढी वर्षं ज्याची वाट पाहत होते ते समोर असूनही मला हसू आलं नाही.

पातेलं उचलून तो आधी बार्टलकडे गेला. सूप थोडं सांडलं. "दोन गोळे की तीन?" त्याने विचारलं.

"तीन," बार्टल म्हणाला. "एकोणीस वर्षांचे."

वेंडेलिनने तीन वाढले. बार्टलने एक गोळा फोडला, चाखला, मीठ स्वतःच घेतलं. मग बाकावर जरासा सरकून त्याने शेजारी जागा केली.

"वाढून झालं की इथं ये," तो म्हणाला. "आणि पुढच्या वर्षी येताना घोंगडी तुझी तू आण. माझ्यातली अर्धी देणार नाही."