भावाची लढाई
नव्या पेंढ्याचा वास आला की मला आमचं खालापूरजवळचं खळं दिसतं. भात झोडताना माजी सैनिक असलेले वडील दरवर्षी आपली एकाहत्तरची बांगलादेशची लढाई सांगायचे. तिकडच्या बायांनी जवानांना हार कसे घातले, शहाळी कशी पाजली. अठ्ठ्याऐंशी साली शांतिसेनेत गेलेला माझा भाऊ श्रीलंकेतून सुट्टीवर आला होता. मी चहा घेऊन खळ्यावर गेले, तर शेजारचे काका त्याला म्हणत होते, "आता तुजी लढाई सांग की रं!" भाऊ हातातली पेंढी झोडतच राहिला. मग म्हणाला, "आमालापन तितल्या लोकांनी पयले हारच घातले, काका. मंग त्यांच्याशीच लढाय लागलो. त्यांची उभी भातं तुडवली आमी. आपल्यासारखीच व्हती." वडिलांनी त्या दिवशी स्वतःची लढाई सांगितली नाही. संध्याकाळी सगळे नेहमीसारखे कापलेल्या शेतातून आडवे घरी निघाले. भाऊ मात्र लांबच्या वाटेनं, बांधावरून चालू लागला. खरं तर शेतात तुडवायला काही उरलंच नव्हतं. वडील जरा थांबले आणि त्याच्यामागे बांधावर चढले. आता तिथून पक्का रस्ता गेलाय. तरी तिथं पाय टाकताना मी आधी बांध शोधते.